फोटोवरून त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला: फॅमिली डॉक्टर आणि रुग्ण नेहमी विचारतात ते प्रश्न

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ओपीडीत रुग्ण तपासते, आणि आठवड्यातले काही तास फॅमिली डॉक्टरांनी पाठवलेले फोटो व त्यांचे प्रश्न पाहून लेखी उत्तरे देते. हे दुसरे काम सुरू केले तेव्हा ते ओपीडीपेक्षा हलके असेल असे वाटले होते. तसे ते नाही, पण माझ्या लेखी तितकेच मोलाचे आहे. या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे डॉक्टरांचे आहेत, काही रुग्णांचे.

दूरस्थ सल्ला म्हणजे व्हिडिओ कॉल का?

बहुतेक वेळा नाही. नेहमीची पद्धत अशी: फॅमिली डॉक्टर रुग्णाला तपासतात, त्वचेचे फोटो काढतात, थोडक्यात माहिती आणि प्रश्न लिहितात आणि हे सगळे सुरक्षित प्रणालीतून तज्ज्ञाकडे पाठवतात. तज्ज्ञ सवडीने पाहून उत्तर लिहितात. दोघांनी एकाच वेळी मोकळे असावे लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा. ‘टेलिडर्मटॉलॉजी’, म्हणजे दुरून त्वचारोगाचा सल्ला, हा शब्द १९९५ मध्ये पेरेडनिया आणि ब्राउन यांच्या लेखातून वापरात आला, असे मानले जाते. तेव्हा डिजिटल कॅमेरा ही चैनीची वस्तू होती. आज प्रत्येक दवाखान्यात टेबलावर पडलेल्या मोबाइलचा कॅमेरा त्या काळच्या कॅमेऱ्यांपेक्षा कितीतरी सरस आहे.

रुग्णाशी बोलायचे असेल, औषध कसे लावायचे ते दाखवायचे असेल, तर व्हिडिओ उपयोगी पडतो. निदानासाठी मात्र मला स्थिर फोटोच बरा वाटतो. व्हिडिओत त्वचेचा पोत हरवतो, आणि नेटवर्क मंदावले की रंगही बदलतात. त्यामुळे व्हिडिओ कॉल ठरला तरी मी आधी फोटो मागवून घेते.

नुसता फोटो बघून आजार कळतो का?

पुष्कळदा कळतो, पण नुसत्या फोटोवरून क्वचितच.

आमचे शास्त्र मुळात डोळ्यांनी पाहण्याचे आहे. पुरळ शरीरावर कुठे आहे, दोन्ही बाजूंना सारखे आहे का, कड ठसठशीत आहे की पसरट, वर कोंडा आहे की खपली की पाणी, यावरून अर्धे निदान होते. ही माहिती चांगल्या फोटोत मिळते. जे मिळत नाही ते म्हणजे स्पर्श. गाठ टणक आहे की मऊ, खालच्या भागाला चिकटलेली आहे की सरकते, चट्टा गरम लागतो का, फिकट डागावर कापसाचा स्पर्श कळतो का, हे मला पडद्यावर कळणार नाही. तुमच्या बोटांना कळेल. म्हणून या पद्धतीत फॅमिली डॉक्टर म्हणजे नुसता फोटोग्राफर असे मी कधीच मानले नाही. हात तुमचे असतात, आणि त्या हातांना काय लागले ते लिहिले नाही तर माझे उत्तर अर्ध्या माहितीवर उभे राहते.

आकड्यांत सांगायचे तर, त्वचेच्या कर्करोगाच्या निदानाबाबत २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा एक मोठा आढावा आला. त्यात चार अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केल्यावर असे दिसले की कर्करोगाच्या डागांपैकी सुमारे ९५ टक्के डाग फोटोवरून संशयास्पद म्हणून ओळखले गेले. निरुपद्रवी डाग निरुपद्रवी म्हणून ओळखण्याचे प्रमाण मात्र अभ्यासागणिक खूप वेगळे होते. मी याचा अर्थ असा घेते की रुग्णाला प्रत्यक्ष बोलावायचे की नाही हे ठरवायला फोटो चांगला आहे. शेवटचा निकाल द्यायला तो नेहमी पुरेसा नाही.

सरळ रेफरल चिठ्ठी दिली तर बिघडले कुठे?

चिठ्ठी गेली की रुग्ण रांगेत उभा राहतो, आणि कोणाला किती घाई आहे हे त्या रांगेला कळत नसते. ‘त्वचेवर डाग, कृपया पाहावे’ अशी एक ओळ लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. एकीतला डाग वयोमानाने येणाऱ्या निरुपद्रवी खडबडीत वाढीचा असतो आणि दुसरीतला मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा. कागदावर दोन्ही सारखे. दोघांनाही सारखीच वाट पाहावी लागते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात २००५ मध्ये पोटविकार विभागाने एक वेगळी सुरुवात केली. आलेले प्रत्येक रेफरल तज्ज्ञ स्वतः वाचणार, गरज पडल्यास रेफर करणाऱ्या डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणार, आणि मगच अपॉइंटमेंट ठरणार. पुढे इतर विभागांनीही ती पद्धत उचलली. कॅनडात ओटावा परिसरात ‘चॅम्पलेन बेस’ या नावाने ईकन्सल्ट, म्हणजे तज्ज्ञाला ऑनलाइन लेखी प्रश्न विचारण्याची, सेवा उभी राहिली. तिथे डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सुमारे ४० टक्के वेळा, रुग्णाला पाठवायचे मनात होते पण उत्तर मिळाल्यावर पाठवावे लागले नाही, असे नोंदले गेले. त्वचारोग हा तिथे सर्वाधिक प्रश्न येणाऱ्या विषयांपैकी एक आहे.

टळलेल्या रेफरल्सचा आकडा सगळे सांगतात. मला त्याहून मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे. ज्यांना यायलाच हवे ते लवकर येतात आणि तयारीनिशी येतात: रक्ताच्या तपासण्या झालेल्या, चुकीचे मलम बंद केलेले, बायोप्सी लागेल हे रुग्णाला आधीच समजावलेले. पहिल्याच भेटीत काम पुढे सरकते.

प्रश्न कसा विचारावा?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकदा उजव्या तळहाताचा फोटो आला. कातडी कोरडी, पांढुरकी, हाताच्या रेघांमध्ये पीठ भुरभुरल्यासारखा कोंडा. सोबत माहिती एवढीच की सहा महिने इसबाचे मलम चालू आहे, आणि प्रश्न एका शब्दाचा: ‘निदान?’ मी उलट विचारले, डावा हात कसा आहे? आणि पावले? डॉक्टरांनी रुग्णाला पुन्हा बोलावले, पायांतले मोजे काढायला लावले. डावा हात स्वच्छ, दोन्ही तळव्यांवर मात्र तसाच कोंडा. एक हात आणि दोन पाय हा बुरशीचा ओळखीचा नमुना आहे. कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशी दिसली. फोटोत असलेल्या हाताइतकेच फोटोत नसलेल्या पायांवर ते निदान अवलंबून होते.

तेव्हा लिहिताना वय, त्रास कधीपासून, कुठे सुरू होऊन कुठे पसरला, खाजतो की दुखतो, घरात आणखी कोणाला आहे का (खरूज बऱ्याचदा याच एका प्रश्नाने सापडते), हे हवे. आजवर काय काय लावले आणि किती दिवस, हे तर हवेच. ‘मलम लावले, गुण नाही’ या वाक्याचा मला उपयोग होत नाही. कोणते मलम, दिवसातून कितीदा, किती आठवडे, हे कळले तर होतो. पोटात कोणती औषधे चालू आहेत आणि त्यांपैकी गेल्या दोन महिन्यांत नवीन कोणती, हेही लिहा. मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर उत्तरच बदलते.

आणि शेवटी तुमचा स्वतःचा अंदाज लिहा. चुकेल म्हणून संकोच करू नका. ‘मला सोरायसिस वाटतो, पण डोक्याच्या त्वचेवर काही नाही म्हणून शंका आहे. मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी प्रत्यक्ष दाखवावे का?’ असा प्रश्न आला की मला कळते डॉक्टर नेमके कुठे अडले आहेत. मी तिथूनच सुरुवात करते. ‘कृपया मत द्यावे’ असे आले तर मला सगळाच धडा पहिल्यापासून लिहावा लागतो आणि तरी नेमकी अडचण हुकू शकते.

रुग्णाच्या जगण्यावर काय परिणाम होतोय हेही एका ओळीत लिहा. त्यासाठी १९९४ मध्ये फिनले आणि खान यांनी तयार केलेली डीएलक्यूआय ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. एकूण ३० पैकी १० च्या वर गुण गेले की त्रास मोठा समजतात. प्रश्नावली भरायला वेळ नसेल तर ‘खाजेने रात्री झोप नाही, महिनाभर कामावर गेलेले नाहीत’ एवढे लिहिले तरी पुरे. तळहाताएवढाच चट्टा, पण तो चेहऱ्यावर असेल आणि त्यापायी कोणी घराबाहेर पडणे सोडले असेल, तर ते फोटोत दिसणार नाही.

फोटो कसे काढावेत?

कमीत कमी तीन. पहिला लांबून, म्हणजे शरीराचा तो अख्खा भाग दिसेल असा. दुसरा मध्यम अंतरावरून. तिसरा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. फक्त जवळचा फोटो पाठवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. तो डाग गुडघ्यावर आहे की गालावर, हेसुद्धा अशा वेळी कळत नाही.

खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. समोरून फ्लॅश मारला की त्वचा चपटी आणि चकचकीत दिसते. उंचवटा दाखवायचा असेल तर उजेड बाजूने येऊ द्या. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, फोकस सुटतो. वीतभर लांब धरा, पडद्यावर डागाला बोट लावून फोकस करा, आणि हात टेबलावर टेकवा. डिजिटल झूम नको. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद आहे का ते एकदा तपासा. कित्येक मोबाइलमध्ये तो आपोआप चालू असतो. डागावरचे मलम, पावडर, मेकअप आधी पुसून घ्या. मागे एकरंगी कापड असले की रंग नीट उमटतात.

फोटो काढल्यावर रुग्ण समोर असतानाच मोठा करून पाहा. अंधुक असेल तर लगेच दुसरा काढता येतो.

याबाबत मी आता कडक झाले आहे, आणि त्याला कारण आहे. एकदा थोडा अंधुक फोटो आला होता, नाकाशेजारच्या छोट्या वाढीचा. मी वयोमानाने येणारी निरुपद्रवी वाढ असे उत्तर लिहिले. त्या डॉक्टरांचे समाधान झाले नाही आणि त्यांनी रुग्णाला तरीही माझ्याकडे पाठवले. समोर पाहिले तर कडेला मोत्यासारखी चमक होती आणि तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या. बेसल सेल कार्सिनोमा होता. हा कर्करोग सावकाश वाढतो, त्यामुळे वेळेत पूर्ण काढता आला. पण ती चमक आणि त्या रक्तवाहिन्या अंधुक फोटोत पुसल्या गेल्या होत्या आणि मी दुसरा फोटो मागायला हवा होता. तेव्हापासून फोटो स्पष्ट नसेल तर मी मत देत नाही, फोटो परत मागते.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर फोटोतून नीट कळते का?

कळते, पण दोन्ही बाजूंनी जास्त लक्ष द्यावे लागते. पुस्तकांतली बरीचशी चित्रे गोऱ्या त्वचेची असतात, आणि ‘लालसर चट्टा’ हे वर्णन तिथूनच आले आहे. गडद त्वचेवर दाह जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो; कधी रंगात फरक जाणवतही नाही, फक्त फुगवटा आणि उष्णता असते. दाह ओसरल्यावर राहिलेले काळे डाग म्हणजे आजार अजून चालूच आहे असे समजून उपचार लांबवले जातात, असेही पुष्कळ पाहिले आहे.

म्हणून अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या निरोगी त्वचेचाही एक फोटो सोबत पाठवा, तुलना करता येते. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी मांडलेले त्वचेचे प्रकार लिहिलेत तर उत्तमच, पण ते वर्गीकरण मुळात ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावर बेतलेले आहे, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट आवर्जून सांगते. गडद त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा कमी होतो, पण होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. नखात नव्याने आलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ, किंवा तळपायावरची भरून न येणारी जखम असेल तर फोटो पाठवून निवांत राहू नका.

डर्मोस्कोप घ्यावा का?

डर्मोस्कोप म्हणजे त्वचा मोठी करून पाहायचे दिवा असलेले भिंग. वापरायला शिकणार असाल तर जरूर घ्या. त्वचेच्या पृष्ठभागाखालची रंगाची जाळी आणि रक्तवाहिन्या त्यातून दिसतात, आणि मोबाइलला जोडून फोटोही घेता येतो. तिळाच्या प्रश्नात त्या एका फोटोने माझे उत्तर ‘दाखवायला सांगा’ वरून ‘काळजी नको’ वर येऊ शकते. न शिकता वापरला तर मात्र तो तुम्हाला खोटा धीर देऊ शकतो. घेतल्यावर सुरुवातीचे काही महिने डर्मोस्कोपचा आणि साधा, असे दोन्ही फोटो पाठवा आणि आपला अंदाज आमच्या उत्तराशी ताडून पाहा.

कोणत्या रुग्णांसाठी सल्ल्याची वाट पाहायची नाही?

ज्यांच्या बाबतीत तास मोलाचे आहेत, त्यांच्यासाठी. औषध सुरू झाल्यावर अंगावर दुखरे पुरळ आले, तोंडात आणि डोळ्यांत फोड आले, कातडी सुटू लागली, तर ते स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे औषधाची जीवघेणी ठरू शकणारी प्रतिक्रिया, असू शकते. संशयित औषध ताबडतोब बंद करा आणि रुग्णाला रुग्णालयात पाठवा. ताप आणि सोबत काचेचा पेला दाबला तरी न फिकटणारे जांभळे ठिपके असतील तरी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवा. दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणारी, तासागणिक पसरणारी सूज म्हणजे खोलवरच्या ऊती सडवणारा जंतुसंसर्ग असू शकतो. संपूर्ण अंग लाल होऊन साल निघत असेल, किंवा इसब असलेल्या मुलाला अचानक ताप येऊन एकसारखे छोटे, मध्ये खड्डा असलेले फोड आले असतील, तर त्यांनाही आजच्या आज प्रत्यक्ष तपासायला हवे.

नागिणीचे फोड कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका असतो, रुग्णाला नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवा. नागिणीचे औषध शक्यतो पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करायचे असते. आमचे उत्तर परवा आले तर तो अवधी निघून गेलेला असेल.

यांपैकी कशाचीही शंका असेल तर फोटो पाठवू नका, फोन उचला.

तिळाबद्दल शंका आहे. सल्ला मागू की पाठवू?

जिथे संशयित कर्करोगासाठी वेगळी तातडीची वाट आहे तिथे ती वापरा, सल्ल्याची पायरी मध्ये घालू नका. ठरवायला ब्रिटनमध्ये वापरली जाणारी सात मुद्द्यांची यादी सोपी आहे. आकार वाढणे, आकृती वेडीवाकडी असणे, रंग एकसारखा नसणे, या तिन्हींना प्रत्येकी दोन गुण. व्यास ७ मिलिमीटर किंवा जास्त असणे, दाह, पाझर, संवेदना बदलणे, या चारांना प्रत्येकी एक. बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली की तातडीने पाठवायचे. १९८५ पासून वापरात असलेला ए-बी-सी-डी नियमही (दोन बाजू असमान, कड वेडीवाकडी, रंग अनेक, व्यास मोठा) अनेकांना पाठ असतो. २००४ मध्ये त्याला ई जोडला गेला, तो ‘बदलत जाणे’ यासाठी. माझ्या दृष्टीने तो ई सर्वांत महत्त्वाचा. गोलाकार, एकरंगी पण झपाट्याने वाढणारी टणक गाठ सुरुवातीला आधीच्या चारही अक्षरांतून निसटू शकते.

अंगावर पुष्कळ तीळ असलेल्या माणसाचे दोन तीळ फोटोत पाहून समाधान मानू नये. अशांची सगळी त्वचा तपासायची असते.

‘आधी स्टेरॉइडचे मलम देऊन पाहू, नाही गेले तर विचारू.’ हे चालेल का?

कृपया असे करू नका. गजकर्णावर स्टेरॉइड लावले की खाज थांबते, लाली जाते, रुग्ण खूश होतो, आणि बुरशी आत निवांत पसरत राहते. चट्ट्याची ठसठशीत कड पुसली जाते. मग आलेला फोटो कोणत्याही एका आजारासारखा दिसत नाही. आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्येच याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण, असे नाव दिले होते. स्टेरॉइड, बुरशीविरोधी आणि जंतुविरोधी औषध एकत्र असलेली मलमे हीच अडचण आणखी वाढवतात.

विचारायचेच असेल तर उपचाराआधी विचारा. किमान फोटो तरी आधी काढून ठेवा, आणि कोंडा असेल तर खरवड घ्या. तो पहिल्या दिवसाचा फोटो पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

तज्ज्ञाचे उत्तर कसे असावे?

हे माझ्या सहकाऱ्यांसाठी. ‘इसब वाटते, स्टेरॉइड मलम द्या’ हे उत्तर नव्हे. कोणते मलम, कोणत्या ताकदीचे, कुठे, किती आणि किती दिवस, हे लिहा. किती हे सांगायला बोटाच्या पेराचे माप आहे, लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये मांडलेले: ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतके मलम काढले तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. एवढे एक वाक्य लिहिले नाही तर रुग्ण महिनाभर थेंबथेंब मलम लावतो आणि ‘गुण नाही’ म्हणून पुन्हा माझ्याच रांगेत येतो.

त्यानंतर तुमची खात्री किती आहे ते लिहा. ‘बहुधा सोरायसिस, पण बुरशी वगळायला हवी’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. गुण कधीपर्यंत दिसायला हवा, नाही दिसला तर पुढचे पाऊल कोणते, आणि काय झाले तर वाट न पाहता पाठवायचे, हे तिन्ही हवे. जमल्यास एक ओळ ‘असे का’ याची. त्या एका ओळीने पुढचे दहा प्रश्न कमी होतात. ज्या डॉक्टरांबरोबर वर्षभर अशी देवाणघेवाण झाली त्यांचे प्रश्न बदललेले मी पाहिले आहेत. मुरुम आणि गजकर्णाबद्दल ते आता विचारत नाहीत, आणि जे विचारतात ते मलाही पुस्तक उघडायला लावते.

उत्तर किती दिवसांत यावे?

दोन-तीन कामाच्या दिवसांत. त्याहून उशीर होणार असेल तर तसे आधीच कळवावे.

चूक झाली तर जबाबदारी कोणाची?

नियम देशागणिक वेगळे आहेत, आपल्याकडचे नीट वाचून घ्या. ढोबळमानाने, रुग्ण तुमच्या उपचाराखाली असतो आणि सल्ला मानायचा की नाही हे तुम्ही ठरवता. मिळालेल्या माहितीवर दिलेल्या मताची जबाबदारी तज्ज्ञाची. म्हणून प्रश्न, फोटो आणि उत्तर तिन्ही रुग्णाच्या नोंदीत राहिले पाहिजेत. जिन्यात भेटून दाखवलेल्या फोटोवर दिलेले मत कुठेच नोंदले जात नाही, आणि घोळ होतो तो तिथेच.

सर्वांत धोकादायक जागा मात्र वेगळी आहे: उत्तर आले, पण रुग्णाला कोणी सांगितले? रुग्णाला कळवण्याचे काम कोणाचे हे पहिल्याच दिवशी नावानिशी ठरवा.

साध्या मेसेजिंग ॲपवर फोटो पाठवला तर?

सोपे आहे म्हणून सगळे करतात, आणि मला ते पटत नाही. ॲप फोटो दाबून लहान करते, बारकावे जातात. तो फोटो डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये घरच्या फोटोंशेजारी साठतो, आपोआप क्लाउडवर जातो, आणि फोटो फाइल म्हणून पाठवला तर कुठे काढला याचे ठिकाणही फाइलमध्ये राहू शकते. सुरक्षित प्रणाली असेल तर तीच वापरा आणि मोबाइलमधली प्रत काढून टाका.

रुग्णाची परवानगी घेताना उपचारासाठी एक आणि शिकवण्यासाठी दुसरी, अशी वेगळी घ्या. चेहरा, गोंदण, जन्मखूण यावरून माणूस ओळखता येतो. गुप्तांगांचे फोटो आणि लहान मुलांचे फोटो याबाबत कायदे अधिक कडक असतात. अशा वेळी फोटोऐवजी प्रत्यक्ष तपासणीच बरी का, हा विचार आधी करा.

मी रुग्ण आहे. मला तज्ज्ञाकडे पाठवायचे टाळण्यासाठी तर हे नाही ना?

ही शंका मी गंभीरपणे घेते, कारण जिथे ही सेवा केवळ गर्दी कमी करायला उभी केली जाते तिथे ती खरी ठरू शकते. तुम्हाला तीन गोष्टी विचारायचा हक्क आहे. फोटो कोण पाहणार? उत्तर कधी येणार आणि मला कोण सांगणार? गुण आला नाही तर पुढे काय? यांची स्पष्ट उत्तरे मिळाली तर समजा व्यवस्था नीट आहे. आणि सल्ला घेतल्यानंतरही प्रत्यक्ष तपासून घ्यायचे असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. फोटो पाठवला म्हणून तुमची ती वाट बंद होत नाही.

यात आम्हा फॅमिली डॉक्टरांचे काम वाढत नाही का?

वाढते. फोटो काढा, लिहा, उत्तर वाचा, रुग्णाला कळवा, पाठपुरावा करा. पूर्वी यातले बरेच काम रुग्णालयात होत असे. ते तुमच्याकडे सरकवायचे असेल तर त्यासाठी वेळ आणि मोबदला दोन्ही मिळायला हवेत, आणि हे मी बैठकांमध्ये मोठ्याने सांगते. तज्ज्ञाच्या बाबतीतही तेच. ओपीडी संपल्यावर थकलेल्या डोळ्यांनी चाळीस फोटो पाहायला लावणे रुग्णांसाठी सुरक्षित नाही. या कामाचे तास वेळापत्रकात लिहिलेले असावेत.

सेवा चांगली चालली आहे हे कशावरून ओळखायचे?

फक्त ‘किती रेफरल टळले’ हे मोजू नका. विचारणे सोपे झाले की जे डॉक्टर पूर्वी पाठवतही नव्हते आणि विचारतही नव्हते, तेही विचारू लागतात. प्रश्न वाढतात आणि रेफरल तेवढेच राहतात. ते अपयश असेलच असे नाही. योग्य औषध सुरू व्हायला किती दिवस लागले, ‘पाठवू नका’ असे सांगितलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांत त्याच तक्रारीने परत आले, आणि त्यांच्यात सुटलेला कर्करोग होता का, हे पाहा. शेवटचा आकडा शोधायला कष्ट पडतात म्हणून तो गाळला जातो. तोच आधी शोधा.

निदान सांगणारे एआय ॲप वापरले तर तज्ज्ञाची गरज उरेल का?

उरेल. अशी ॲप्स ज्या फोटोंवर शिकवली गेली त्यांत गडद त्वचेचे फोटो कमी होते, आणि रुग्णाचे मोजे काढून पाहा असे ती सहसा सांगत नाहीत. तुम्हाला नवी शक्यता सुचवायला वापरा, पण ॲपने ‘सौम्य’ म्हटले या कारणावर पाठवायचे थांबवू नका.

माझा तीळ बदलतोय. डॉक्टरांनी फोटो पाठवून दोन आठवडे झाले, उत्तर नाही. किती वाट पाहू?

आता वाट पाहू नका. आजच दवाखान्यात फोन करा, फोटो कोणत्या तारखेला गेला आणि उत्तर आले का ते विचारा. कधी उत्तर येऊन पडलेले असते आणि कोणी उघडलेलेच नसते. आले नसेल तर डॉक्टरांना तीळ पुन्हा पाहायला सांगा आणि तेव्हाच तातडीची चिठ्ठी मागा. दरम्यान घरी उजेडात मोजपट्टी धरून एक फोटो काढून ठेवा, तारखेसह. तुम्ही समोर याल तेव्हा मी पहिल्यांदा तोच पाहीन.